गप्प बसलं म्हणजे झालं

जयवंता ही माझी धाकटी बहीण. सख्खी. एका आईच्या पोटची, एका ताटात जेवलेली. आणि आख्ख्या काचीगुड्यात तिच्यासारखी टायपिस्ट झाली नाही आणि होणार पण नाही. हे मी भाऊ म्हणून सांगत नाही. भाऊ नसतो तरी हेच सांगितलं असतं, फक्त जरा हळू आवाजात.

मी उमाजी. अफझलगंजात दोरी-ताडपत्रीचं दुकान आहे, कुणालाही विचारा. शिक्षण आठवी. आठवीत मास्तरांचं आणि माझं पटेना, दोघांपैकी एकानं शाळा सोडायला पाहिजे होती, मी मोठ्या मनानं सोडली. जयवंता मात्र दहावी झाली आणि स्टेशनरोडच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये गेली. लोअर पास, हायर पास. बोटं अशी पळायची की खालचा पानवाला म्हणायचा, वर पत्र्यावर गारा पडतायत का काय.

तिथले मास्तर तेलुगू होते, शिस्तीचे. त्यांनी पोरींना एकच मंत्र दिला होता. टायपिस्टानं वाचायचं नसतं. डोळे कागदावर, बोटं पट्टीवर आणि डोकं घरी. वाचायला लागला की बोटं अडखळतात. जयवंतानं हा मंत्र असा धरला की तिच्यापुढं रामायण ठेवा नाहीतर विजेचं बिल, ती सारख्याच वेगानं उतरवणार, आणि संपल्यावर विचारलं काय होतं, तर म्हणणार, "दोन पानं होती."

त्याच गुणावर तिला किशोरबाबूंच्या बियाण्याच्या कंपनीत नोकरी लागली. ऑफिस काचीगुड्यातच, घरापासून चालत. तिथला एक किस्सा सांगायलाच पाहिजे, म्हणजे पुढचं कळेल. किशोरबाबूंनी एकदा आदिलाबादच्या एका डीलरला पत्र लिहून दिलं आणि समासात तिच्यासाठी खरडलं, 'हा माणूस एक नंबरचा गाढव आहे, जरा गोड लिही.' जयवंतानं पत्र टाइप केलं. समासासकट. सुबक, एक चूक नाही, कार्बनच्या प्रतीसुद्धा स्वच्छ. चार दिवसांनी डीलर ते पत्र हातात घेऊन ऑफिसात उभा.

किशोरबाबू डोक्याला हात लावून म्हणाले, "क्या अम्मा, पढे नहीं क्या तुम?"

"मैं टाइप करती साब," जयवंता म्हणाली, "पढती नहीं."

आता ह्यात चूक कुणाची? लिहिणाऱ्याची. मी आजही असंच म्हणतो.

तर अशी पंधरा-सोळा वर्षं गेली. बाजार उघडला. बाहेरच्या मोठमोठ्या बियाणं कंपन्या आल्या, अमीरपेठेत खांबाखांबावर कॉम्प्युटर क्लासचे फलक लागले, आणि एक दिवस किशोरबाबूंनी पण ऑफिसात कॉम्प्युटर आणून ठेवला. त्यांचा पुतण्या कुलदीप नुकताच इंजिनियर झाला होता, तारनाक्याकडे राहायचा. त्यानं सांगितलं, काका, पडद्यावरच्या चित्रांनी चालणारं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागतं, लिनक्स फुकट मिळतं. फुकट म्हटल्यावर किशोरबाबूंनी पुढचं ऐकलंच नाही.

फुकट होतं तसंच दिसायचं. काळा पडदा, त्यावर डॉलरचं चिन्ह, आणि पुढं एक पांढरा ठोकळा मिचमिच करत उभा. चित्र नाही, बटण नाही. आपण लिहून हुकूम द्यायचा, त्यानं करायचं. त्या काळात सगळ्यांच्याच तोंडी डॉलर होता, म्हणून ह्याच्या तोंडी पण असेल, असं जयवंताला वाटलं.

किशोरबाबूंनी दोघी टायपिस्टांना समोर बोलावलं. दुसरी पद्मावती, सिकंदराबादची तेलुगू पोरगी, जयवंताच्या शेजारी बसून बसून मराठी शिकलेली. ते म्हणाले, टाइपरायटर दसऱ्यानंतर भंगारात. खुर्ची एकच राहणार. जी हे शिकेल ती खुर्चीवर, दुसरी काटेदानच्या गोडाऊनमध्ये, बियाण्याच्या पिशव्यांना शिलाई मारायला.

गोडाऊनचं काम काही वाईट नाही. पण जयवंताला घरी येऊन जेवण गेलं नाही. तिचं लग्न जमलं नव्हतं. एक स्थळ आलं होतं, मुलीला काय येतं विचारलं, मी ऑफिसातला टाइपरायटर उसना आणून तिला त्यांच्यासमोर टाइप करून दाखवायला सांगितलं, ते आवाजालाच घाबरून गेले. फुटक्या नशिबाचे. घरात ती बोलायची कमी. तिचं बोलणं म्हणजे ती टकटक. ती गेली तर आपल्याकडं काय राहणार, असा तिच्या मनात घोळ चाललेला.

म्हणून मीच दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेलो.

"उमाजी, तुम्हारी बहन को आता क्या ये?" किशोरबाबूंनी विचारलं.

"आता क्या?" मी म्हटलं. "आंखां बंद करके चलाती साब! घर में येच बातां चलते हमारे!"

जयवंता दारामागं उभी होती. तिचा चेहरा चुन्यासारखा झाला. बाहेर आल्यावर म्हणाली, "अण्णा, मला त्याचं बटण कुठं चालू होतं तेसुद्धा माहीत नाही."

"मग शीक," मी म्हटलं. "मी शब्द टाकलाय."

किशोरबाबूंनी ताबडतोब ठरवलं, एवढं येतं तर महिन्याभरानं, नवरात्रातल्या अष्टमीला सगळ्यांसमोर चालवून दाखवू दे. बरं जमलं तर खुर्ची तिची.

शिकवायला कुलदीप होता. पोरगा चांगला, फक्त तिला आंटी म्हणायचा. पहिल्या दिवशी त्यानं तिचं नाव घालून दिलं आणि गुपित शब्द टाइप करायला सांगितला. जयवंतानं टाइप केला. पडद्यावर काही उमटेना. परत केला. काही नाही. तिनं कीबोर्ड उचलून खालून बघितला.

"रिबन सुकली ह्याची," ती म्हणाली.

"आंटी, ते दिसत नसतं. गुपित आहे ना."

"मग मला कसं कळणार मी काय मारलं?"

"कळायचं नाही. भरोसा ठेवायचा."

सोळा वर्षं ज्या बाईनं बोट दाबलं की अक्षर उमटलं, तिला सांगतायत भरोसा ठेव. पण तिनं ठेवला. पुढची पंचाईत वेगळी. टायपिंगच्या नियमानं ओळीचं पहिलं अक्षर मोठं आणि शेवटी टिंब. तिची बोटं ते आपोआप करायची, आणि मशीन म्हणायचं असली कमांड मी ओळखत नाही. छोट्या अक्षरात लिहिलं तरच ऐकणार, असलं मिजासखोर. वर आणखी, ओळ संपली की तिचा डावा हात टाइपरायटरचा दांडा ढकलायला आपोआप वर जायचा. तिथं दांडा नसायचा. कुलदीपचा चहा असायचा. दोनदा गेला. तिसऱ्यांदा तो उजवीकडं बसला.

पण हुकूम तिला पटपट कळले. ते तिनं आपल्या पद्धतीनं बसवले. एलएस म्हणजे डबा उघडून बघणं, आत काय काय आहे. सीडी म्हणजे एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाणं. सीपी म्हणजे कार्बन लावणं. आणि आपण कोणत्या खोलीत उभे आहोत ते विचारायचं असेल तर पीडब्ल्यूडी. ते मी ऐकलं आणि म्हटलं, पीडब्ल्यूडीला विचारून आजपर्यंत कुणाला रस्ता सापडलाय? जयवंता हसली आणि तो हुकूम कधी वापरलाच नाही. हे लक्षात ठेवा.

सप्तमीच्या दुपारी कुलदीप बाहेर गेला होता. खुर्चीवर पद्मावतीचा सराव झालेला, तिच्याच नावाचा पडदा उघडा. पद्मावती डब्बा खायला गेली तशी जयवंता जाऊन बसली. कार्बनचा सराव करावा म्हणून तिनं कंपनीची सगळी पत्रं आणि डीलरांचे पत्ते ज्या एका खोलीत होते, त्या अख्ख्या खोलीची प्रत काढायचा हुकूम दिला. एंटर मारलं. मशीन गप्प. झालं म्हणेना, नाही म्हणेना. परत डॉलर दाखवून मिचमिच.

तिला वाटलं ऐकलं नाही. दुसऱ्या नावानं परत प्रत काढली. परत गप्प. मग तिचं डोकं फिरलं. तिसऱ्यांदा काढली आणि प्रतीला नाव काय दिलं ते तिचं तिला माहीत. तरी गप्प. उठली, पाणी प्यायली, सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुलदीपला म्हणाली, "हे माझ्याशी बोलतच नाही."

"आंटी, चुकलं तरच ते बोंबलतं. गप्प बसलं म्हणजे झालं."

"आमचे बाबा असेच होते," जयवंता म्हणाली. "मीठ कमी पडलं तर शेजारच्या तीन घरांना कळायचं. जेवण चांगलं झालं की एक शब्द नाही."

अष्टमी म्हणजे परीक्षेचा दिवस. कुलदीपनं कार्यक्रमासाठी एक छापील कागद दिला. हुकूम ओळीनं, वरून खाली करत जायचं, बस. मी दुकान वाढवून आलो होतो, हातात बादुशाचा, म्हणजे आपल्या बालुशाहीचा पुडा. किशोरबाबू, पद्मावती, हिशेबवाले, असे सगळे खुर्चीमागं गोळा. तेवढ्यात कुलदीपला फोन आला म्हणून तो आतल्या खोलीत गेला. जाता जाता म्हणाला, "आंटी, तुम्ही सुरू करा."

जयवंतानं पदर खोचला. कागद डावीकडं लावला. पाठ ताठ, मनगटं वर. आणि सुरू.

काय सांगू तुम्हाला! हायरची पोरगी ती. पडद्यावर ओळी अशा सरकायला लागल्या की हिशेबवाल्यांनी चष्मा पुसला. ह्या खोलीत गेली, डबा उघडला, पत्र दाखवलं, परत आली, कंपनीच्या खोलीत शिरली, सगळे पत्ते भडाभडा दाखवले. मान एकदा पण कागदावरून हलली नाही. मधेच मशीन काहीतरी एकदा कुरकुरलं, मग शेवटची ओळ, एंटर, आणि आतून थोडीशी घरघर. मग शांत.

"देखो साब," मी म्हटलं, "कितना काम निकाल रही मशीन से!"

डॉलर आला. ठोकळा मिचमिचला. एक शब्द नाही. जयवंता वळली आणि इतकी हसली, इतकी हसली, की आई गेल्यापासून मी तिला तसं हसताना बघितलं नव्हतं. म्हणाली, "गप्प बसलं. म्हणजे झालं."

टाळ्या वाजल्या. किशोरबाबू म्हणाले, "शाब्बास अम्मा, खुर्ची तुम्हारी." मी बादुशा वाटला. कुलदीप फोन ठेवून आला, त्यानं पण एक तोंडात टाकला, चावत चावत पडद्याकडं बघितलं, आणि चावायचा थांबला.

"आंटी. शेवटची ओळ का मारली?"

"कागदावर होती."

होती. कागदाच्या तळाशी कुलदीपनं इंग्रजीत छापलं होतं, 'हे कधीही टाइप करू नका.' आणि खाली तो हुकूम: आरएम, आडवी रेघ, आरएफ, आणि एक चांदणी. त्याचा अर्थ, इथं जे जे आहे ते सगळं न विचारता पुसून टाक. जयवंतानं दोन्ही ओळी टाइप केल्या होत्या. 'टाइप करू नका' हे सुद्धा. त्यावरच मशीन कुरकुरलं होतं. आणि त्या वेळी ती उभी होती कंपनीच्या पत्रांच्या खोलीत.

कुलदीपनं एलएस मारलं. डबा रिकामा. सगळी पत्रं, सगळे पत्ते गेले. दोघींनी गेला महिनाभर बसून चढवले होते.

"वापस लाओ," किशोरबाबू म्हणाले.

"काका, ह्याच्यातून गेलेलं परत येत नाही. विचारत पण नाही, सांगत पण नाही."

किशोरबाबूंनी अर्धा बादुशा टेबलावर ठेवला. माझ्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. म्हणाले, "आंखां बंद करके चलाती बोले थे ना उमाजी? सही बोले." आणि तिला म्हणाले, "दसरे के बाद गोडाऊन."

पद्मावती खाली बघत होती. तिला बतुकम्मा, म्हणजे त्यांचा फुलांचा भोंडला, खेळायला जायचं होतं, ती फुलांची पिशवी घेऊन निघून गेली.

घरी आलो तर दिवेलागणीची वेळ. जयवंता ओट्यावर बसून दुसऱ्या दिवशीसाठी झेंडू ओवायला लागली. मीच म्हटलं, "मी उद्या बोलतो किशोरबाबूंशी."

"अण्णा, तू बोलू नकोस. तू बोललास म्हणून ही वेळ आली."

"बरोबर! मी बोललो म्हणून तू त्या पडद्यासमोर बसलीस. नाहीतर शिकली असतीस का?"

तिनं झेंडू माझ्या अंगावर फेकला. म्हणाली, "गोडाऊनमध्ये शिलाईचं मशीन पायानं चालवतात. माझ्या बोटांचं काय करू? लोणचं घालू?"

मी झेंडू उचलून परत तिच्यापुढं ठेवला.

ती बराच वेळ सुई ओढत राहिली. मग मान वर करून म्हणाली, "अण्णा, बाबा जेवताना गप्प असायचे, तेव्हा जेवण बरं झालेलं असायचं ना?"

"हौ. हे काय मधेच?"

"दर वेळी?"

"दर वेळी. नाहीतर ताट वाजायचं."

तिच्या हातातली सुई थांबली. "मी सप्तमीला तीनदा कार्बन लावला. तीनदा गप्प बसलं. मला वाटलं ऐकलं नाही." ती उभीच राहिली. मांडीवरचे झेंडू घरभर. "अण्णा, तीनदा झालंय ते!"

"मग आणू की! कुठाय?"

"तेच तर माहीत नाही. मी कुठं उभी होते ते विचारलंच नाही. तू हसवलंस ना पीडब्ल्यूडीवरून."

आता ह्यात पण मीच. असू दे. मोठा भाऊ असतोच कशाला?

दुसऱ्या दिवशी सकाळी खंडेनवमी. किशोरबाबूंच्या ऑफिसात आयुधपूजा. आम्ही दोघं पोचलो तर सगळी हत्यारं मांडून तयार. दोन्ही टाइपरायटर, तराजू, पिशव्या शिवायची सुई, स्टेपलरसुद्धा, सगळ्यांना हळदीकुंकू. कॉम्प्युटरला झेंडूचा हार, कीबोर्डवर आंब्याची पानं, आणि पडद्याच्या बरोब्बर मधोमध कुंकवाचा टिळा. वरचं तोरण माझ्या दुकानाच्या सुतळीत ओवलेलं, तुटायचं नाव नाही.

जयवंता सरळ खुर्चीकडं गेली. किशोरबाबू आडवे आले.

"आज हात नक्को लगाओ अम्मा. पूजा को रखे सो हथियार है. शाम तक नहीं चलाते."

"नारळ फुटेपर्यंत नुसतं हत्यार आहे ते साब, पूजा अजून व्हायचीय. फुटायच्या आधी एकदा बघते. नाही सापडलं तर इथूनच गोडाऊनची बस धरते."

किशोरबाबूंनी कुलदीपकडं बघितलं. कुलदीप म्हणाला, "बघू दे काका. जायचं ते गेलंच आहे."

जयवंतानं आंब्याची पानं बाजूला केली. आपल्या नावानं उघडलं. काही नाही. मग हात मांडीवर ठेवून विचार करत बसली. सप्तमी. दुपार. डब्ब्याची वेळ. हळूहळू तिची मान पद्मावतीकडं वळली.

पद्मावती भिंतीला टेकून उभी होती, डोक्यात कालची फुलं. तिला आधीच कळलं होतं काय विचारणार ते. तिच्या नावाचा पडदा फक्त तिच्या गुपित शब्दानं उघडणार. आणि नाही उघडला तर खुर्ची तिची, हे तिथल्या स्टेपलरला पण समजत होतं.

"अय्यो, अक्का," पद्मावती म्हणाली. "सरका."

"खरंच?"

"तुम्ही गोडाऊनला गेलात तर शेंगदाण्याची चटणी मला कोण देणार? ह्या कुलदीपची आई?" तिनं वाकून शब्द मारला. पडद्यावर काही दिसलं नाही. डॉलर आला.

आणि मग मी जे बघितलं ते कधी बघितलं नव्हतं. हायर पास जयवंता, एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, पडद्याकडं बघून, ओठ हलवत वाचत वाचत टाइप करायला लागली. लहान मूल पाटीवर गिरवतं तशी. आधी पीडब्ल्यूडी. मशीननं सांगितलं, पद्मावतीच्या खोलीत आहेस. मग एलएस.

तीन नावं आली. तिसऱ्यावर बरोबर कुंकवाचा टिळा होता. किशोरबाबूंनी चष्मा लावून बोटानं कुंकू पुसलं आणि मोठ्यानं वाचलं.

"कॉपी. कॉपी अगेन. ऐक... गाढवा? ये क्या है अम्मा? ऐक गाढवा?"

जयवंता कानापर्यंत लाल. "ते मशीनला म्हटलं होतं साब. वाचेल असं वाटलं नव्हतं."

"आदिलाबादवाला भी पढ लिया था," किशोरबाबू म्हणाले, आणि पोट धरून हसायला लागले.

कुलदीपनं वाकून तिसरी प्रत उघडली. सगळं होतं. एकेक पत्र, एकेक पत्ता, सप्तमीच्या दुपारपर्यंतचं. त्यानं "आंटी" म्हणायला तोंड उघडलं आणि "जयवंतामॅडम" म्हणाला.

तिचं तिकडं लक्ष नव्हतं. तिनं कालचा छापील कागद ड्रॉवरमधून काढला आणि पहिल्यांदा वरपासून खालपर्यंत वाचला. वाचून कुलदीपला म्हणाली, "इथं तर सरळ लिहिलंय की करू नका म्हणून. हे सगळ्यात वर लिहायचं सोडून तळाला कशाला घातलंस? टायपिस्टाला कागद देतोयस का विंचू?"

तेवढ्यात पुजारी म्हणाले, मुहूर्त चालला. किशोरबाबूंनी नारळ घेतला, कॉम्प्युटरच्या टेबलाचा कोपरा बघितला, आणि हात वर उचलला.

"थांबा!"

भिंती हलल्या. हातात नारळ तसाच धरून किशोरबाबू पुतळ्यासारखे उभे. आख्ख्या ऑफिसनं जयवंताचा एवढा आवाज कधी ऐकला नव्हता. मी पण नाही.

"पाणी उडेल कीबोर्डवर. बाहेर पायरीवर फोडा."

कोण बोलतंय, कुणाला बोलतंय, ह्याचा हिशेब लागायला सगळ्यांना जरा वेळ लागला. किशोरबाबूंनी नारळाकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. मग म्हणाले, "जैसा तुम बोलो अम्मा. मशीन तुम्हारी है." आणि निमूट चपला घालून बाहेर पायरीवर गेले. दारातून वळून, पिशवी उचलून निघालेल्या पद्मावतीला म्हणाले, "तुम कहां चले? तुम्हारे कमरे में माल पडा है. तुम भी बैठो इधरीच."

"खुर्ची एकच आहे सार."

"स्टूल मी देतो दुकानातून," मी म्हटलं. "तसला स्टूल अफझलगंजात दुसऱ्या कुणाकडं नाही."

बाहेर नारळ फुटला. आत जयवंता खुर्चीत बसली, आंब्याची पानं परत कीबोर्डवर जशीच्या तशी ठेवली, आणि संध्याकाळपर्यंत त्याला हात लावला नाही.